जरीच्या मशिनींची खोटी जप्ती

इतकी वर्षं झाली, पण ती घटना आठवली की आजही छाती फुगते.

मी मूळचा सांगलीकडचा. आठवीनंतर शाळा सुटली, मामांच्या मागे मध्य प्रदेशात देवासला आलो आणि पोलिसात शिपाई म्हणून लागलो. पुढे ए.एस.आय., म्हणजे सहायक फौजदार, झालो, तरी कायद्याचं कलम उच्चारताना जीभ चाचरायची. चुकलो तर लोक म्हणतील, परगावचा आणि कमी शिकलेला. ही धास्ती शेवटपर्यंत गेली नाही. पण वरिष्ठ चांगले भेटले, हे माझं नशीब.

एका सकाळी हजेरी नुकतीच आटोपली होती. एक बाई ठाण्याच्या पायरीवरच उभी, आत येईना. मराठी घरातली दिसली म्हणून म्हटलं, "या वहिनी, बसा."

"दादा, टॅक्स थकला तर जेल होते का हो? तेवढंच सांगा, मी जाते."

हळूहळू सगळं बाहेर आलं. नवरा देवळांसाठी चंदवे करायचा, म्हणजे मूर्तीच्या डोक्यावरची जरीची छतं. पूर्वी दुकान होतं, जीएसटी येण्याआधीचा विक्रीकर थकलेला. एका दलालानं त्याला गाठलं. दिवाळखोरी जाहीर करून घेऊ, सगळा कर माफ होईल, फक्त कोर्टाचा रिसीव्हर माल ताब्यात घेईल, असं सांगून सह्या घेतल्या. आदल्या दिवशी तीन माणसं येऊन मशिनी आणि कापड ताणायचे लाकडी अड्डे घेऊन गेली. मोहनखेड्याच्या जैन तीर्थावरच्या उत्सवाचा चंदवा अर्धाच झाला होता. तो वेळेत पोचला नाही, तर तिथलं काम कायमचं दुसऱ्याकडे जाणार होतं. नवरा अंथरुणावरून उठत नव्हता.

"टीव्ही, कपाट नेलं?" मी विचारलं.

"नाही. फक्त पोटापाण्याचं तेवढं नेलं."

इथे माझे कान टवकारले. शिपाई असताना कुर्कीच्या, म्हणजे जप्तीच्या बंदोबस्ताला मी कितीदा तरी उभा राहिलो होतो. टीव्ही, कपाट, फटफटी उचलली जायची. शिंप्याची मशीन आणि सुताराचा रंधा मात्र अमीन, म्हणजे कोर्टाचा बेलिफ, जागेवर सोडायचा. इथे नेमकं उलटं झालं होतं.

ठाण्याचे प्रमुख असलेल्या टी.आय. साहेबांना मी हे सांगितलं. लिखापढी करणारा मुंशी हसला, "क्यों भिया, अब वकालत भी करोगे?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी सरकारी वकिलांना फोन लावला, ऐकलं आणि म्हणाले, "बात सही है. दिवाले में भी कारीगर के औज़ार नहीं जाते. और सरकारी टैक्स तो उससे माफ होता ही नहीं. रिपोर्ट लिखो."

जिल्हा कोर्टात विचारलं, तर तिथे दिवाळखोरीचा असा अर्जच नव्हता. गुन्हा दाखल झाला. खबरे कामाला लावले. संध्याकाळी एक टेम्पोवाला आपण होऊन आला. "दादा, मशीनच्या सुईखाली अर्धं शिवलेलं कापड तसंच होतं. माल उतरवला, पण मन खात होतं." त्यानं जागा सांगितली: धार जिल्ह्यात, तिरल्याच्या पुढे, एक गोदाम.

दलालाला ठाण्यात आणलं. कडक इस्त्री, आवाजात जरब. "साब, सब कानूनी है. उसने खुद साइन किया."

मी विचारलं, "पंच कौन थे? मोहल्ले के दो आदमी बताओ."

"दरोगाजी, टैक्स के मामले आपके बस के नहीं."

"टैक्स के नहीं होंगे. कुर्की के हैं. तिरला का ताला तुम खोलोगे, या हम तोड़ें?"

त्याचा चेहराच उतरला. पाणी मागितलं आणि किल्ली काढून दिली.

धारच्या पोलिसांना आणि दोन पंचांना घेऊन गोदाम उघडलं. चंदव्याच्या मशिनी होत्याच, शिवाय शिंप्यांच्या मशिनी, सुतारांची अवजारं, एका छापखान्याचं यंत्रही. एकच युक्ती किती घरांवर चालवली होती! विकायला काढलेला तो सगळा माल पंचनामा करून ताब्यात घेतला, तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. ते उपकार मी विसरणार नाही.

जप्त मुद्देमाल मालखान्यातच अडकला असता. पण साहेबांनी कोर्टात धावाधाव केली आणि मशिनी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागतील तेव्हा हजर करायच्या हमीवर, घरी परतल्या. नवरा-बायकोनी पाळीपाळीनं काम ओढलं. चंदवा उत्सवाच्या आदल्या दिवशी मोहनखेड्यात चढला.

मग मी त्या नवऱ्याला कर कार्यालयात घेऊन गेलो. तो दारातच घाम पुसत होता, मीही. अधिकारी शांतपणे म्हणाले, जुन्या वर्षांचा कर ठरवायची मुदत खात्याच्या हातून केव्हाच गेली, त्याची वसुली आता होणार नाही. एका वर्षाची मागणी मात्र मुदतीतली आणि खरी. तिचे हप्ते बांधून मिळाले. दलालाला हे सगळं ठाऊक होतं. म्हणून तर त्यानं त्यांना त्या कार्यालयाकडे फिरकू दिलं नव्हतं.

या प्रकरणानं मला शिकवलं की घाबरलेला माणूस आधी सही करतो आणि नंतर विचारतो. आणि भीती म्हणजे काय, ते माझ्याइतकं कोणाला कळणार? पुढे निवृत्तीपर्यंत जेव्हा जेव्हा कुर्कीच्या बंदोबस्ताला गेलो, तेव्हा दारातच, आत पाऊल टाकण्याआधी, घरच्यांना मोठ्यानं सांगायचो: यातलं काय काय कोणीही नेऊ शकत नाही.