मुलगा परमनंट आहे ना?

आमच्या भागात रविवार गुरुवारी येतो. बहुतेक कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, त्यामुळे बारसं, साखरपुडा, भावकीतली भांडणं, सगळं गुरुवारी उरकायचं. कॉलेज मात्र त्या दिवशी चालू असतं. दादासाठी पिंपळे गुरवला मुलगी बघायला जायचं ठरलं, तो गुरुवार नेमका माझ्या सेमिनारचा होता. एस. वाय. बी. ए., समाजशास्त्र. माझा विषय होता ‘हुंडा: एक सामाजिक समस्या’. मॅडमना कारण सांगताना माझे कान तापले. त्या हसल्या. म्हणाल्या, "जा जा, फील्डवर्क होईल तुझं."

त्या सेमिनारची तयारी मी कशी केली हे सांगायला मला लाज नाही, सगळा वर्ग तसाच करतो. इंटरनेटवरून कारणं, परिणाम आणि उपाय उतरवून काढले. कारणांत पहिलं होतं ‘अज्ञान’. हुंडा मागणारी माणसं कुठेतरी लांब राहतात आणि मिशांना पीळ देत बसतात, अशीच माझी समजूत असावी. काळेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत तसं कोणी नव्हतं. आई डबे करून द्यायची, दादा चाकणला कंपनीत जायचा आणि मी शिकत होते.

दादा आयटीआय झालेला फिटर आहे, पण कॉन्ट्रॅक्टवर. सहा-सात महिने झाले की कॉन्ट्रॅक्टर त्याला ‘ब्रेक’ देतो. म्हणजे काही दिवस घरी बसायचं आणि मग आजच कामाला लागल्यासारखं परत जायचं. मशीन तेच, काम तेच. गळ्यातल्या आयकार्डची दोरी तेवढी परमनंट लोकांपेक्षा वेगळ्या रंगाची. मुलगा कंपनीत आहे म्हटलं की पूर्वी भागायचं म्हणे. आता फोनवर पहिला प्रश्न, "परमनंट आहे ना?" दादा खरं सांगायचा. पलीकडून "बरं, कळवतो" यायचं आणि पुन्हा कोणी कळवायचं नाही. त्या मुलींच्या बापांचा मला भयंकर राग यायचा. मग वाटायचं, उद्या माझ्यासाठी स्थळं बघताना आई काय विचारणार आहे? हेच विचारणार.

वडील गेल्यापासून आमच्याकडची बोलणी मामाच करतो. पिंपळे गुरवचं स्थळ त्यानेच आणलं आणि चप्पल काढता काढता सांगून टाकलं, "मी परमनंट म्हणून सांगितलंय."

"मामा, असं कसं?" दादा म्हणाला.

"आरं, आज ना उद्या होणारच की. दोन दिवस आधी सांगितलं तर काय बिघडलं?"

दादाने आईकडे बघितलं. आई कणीक मळत होती. तिने मान वर केली नाही. आमच्या घरात याला होकार म्हणतात.

मुलीच्या वडिलांचा स्वतःचा टेम्पो होता, भाड्याने माल वाहायचे. माणूस साधा. पोहे झाले, चहा झाला, मुलगी येऊन बसून आत गेली. मग त्यांनी विचारलं आणि मामाने ठणकावून सांगितलं, "परमनंट!" दादा फरशीकडे बघत होता. इथपर्यंत मी मनाची तयारी करून गेले होते. पण आई पदर सावरून म्हणाली, "आमचं तसं काही मागणं नाही बघा. पण लेकरू परमनंट हाय. लग्न तुमच्या दारात करून द्या आन् त्याला ड्युटीला जायला गाडी घ्या, येवढंच."

मी आईकडे बघतच राहिले. हे घरी ठरलेलं नव्हतं. आजवर शेजारी वाटीभर साखर मागायलाही ती लाजायची. मामाचं खोटं आठवडाभरातच तिने खरं मानलं होतं आणि आता त्याचा भाव सांगत होती.

मुलीच्या वडिलांनी मान डोलावली. "परमनंट म्हटल्यावर आम्ही तयारीनेच बसलोय, ताई. टेम्पो जुना झालाच आहे. काढून टाकू."

मला तिथे बसवेना. रिकाम्या बश्या उचलून मी आत गेले. मुलगी ओट्याशी उभी होती. ती चाकणलाच एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर काम करते, हे मला माहीत होतं. तिने माझ्या हातातून बश्या घेतल्या आणि हळूच म्हणाली, "तुम्ही पाठवलेल्या फोटोत त्यांच्या अंगावर कंपनीचा शर्ट आहे. मग आयकार्ड का काढून ठेवलं होतं?"

मी ओट्यावरचं फडकं उचलून उगाच त्याची घडी घातली.

"मी पण कॉन्ट्रॅक्टवर आहे. फोटो काढताना आम्ही पण तेच करतो."

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला ते बोलायचंही नव्हतं. "तो परमनंट नाहीये," मी म्हणाले.

मला वाटलं ती चिडेल. तिने नळ सोडून एक बशी विसळली. "मला चाललं असतं," ती म्हणाली. "पण मग गाडी कशाची मागता?"

कारणं, परिणाम, उपाय, सगळं मला पाठ होतं. हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता.

"बाहेर तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मी सांगितलं तर मीच आगाऊ ठरेन. पप्पा खरंच टेम्पो विकतील हो."

मी बाहेर गेले. सांगून टाकलं की दादा कॉन्ट्रॅक्टवर आहे आणि आम्हाला गाडी वगैरे काही नको. मामा मोठ्याने हसला, "पोरीला चेष्टेची लई सवय!" मुलीचे वडील मात्र दादाकडे वळले. "काय हो?"

"हो," दादा म्हणाला. तेवढंच.

टेम्पो वाचला म्हणून त्या माणसाला हायसं वाटेल, असं मला वाटलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्यांचं काहीतरी हिसकावून घेतलंय. मग हात जोडून उठले. "कळवतो," म्हणाले.

घरी आल्यावर आईने तोंड सोडलं. भावाचं वाटोळं केलं, शिकून शिकून शहाणी झाली, तुला तरी आता कोण करून घेतो बघते. ते मी ऐकून घेतलं. दादा रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "मी सांगणारच होतो."

"कधी?"

तो शर्ट बदलायला आतल्या खोलीत गेला.

पुढच्या आठवड्यात मी सेमिनार दिला. मार्क चांगले पडले. "झालं का फील्डवर्क?" मॅडमनी विचारलं, मी नाही म्हणाले. त्या मुलीच्या घरचा टेम्पो राहिला आणि माझा भाऊही लग्नाचा राहिला, मग मी नक्की कोणाचं भलं केलं, हे मला अजून कळत नाही. स्वतःचाच संताप येतो. ती "मला चाललं असतं" म्हणाली होती. बाहेर येऊन मी सगळं सांगितलं, फक्त तेवढं सांगायचं राहिलं. आणि तिचं काय म्हणणं आहे, हे विचारायला दुसरं कोणी आत गेलं नाही.

परवा भोसरीच्या एका स्थळाचा फोन आला. मामा नव्हता. आईने मोबाइल दादाच्या हातात दिला. मी तिथेच वाचत बसले होते. त्याने नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, कंपनी सांगितली. मग पलीकडून प्रश्न यायच्या आतच म्हणाला, "परमनंट आहे." आवाज जरासुद्धा अडखळला नाही.

फोन ठेवून तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "गुरुवारी बोलावलंय. तू नको येऊस. कॉलेज बुडतं तुझं."