नऊ पिनांचा ठराव

गोंदियाजवळच्या कुडव्याच्या नीला शहारेने लॅपटॉप स्वतः निवडला होता, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे जे झालं त्यावरून लोक समजतात की बाईला काही कळत नव्हतं आणि समाजाने तिचं भलं केलं. कळत फक्त तिलाच होतं.

नीला मूळची नवेगाव बांधची. बाप हिरालाल राईस मिलमध्ये पोती वाहायचा. पोरीने आयटीआय केलं, एका ठेकेदाराकडे वायरी ओढल्या आणि पीएलसी शिकली. पीएलसी म्हणजे पॅनेलमधली डबी; कोणता पंप कधी सुरू होईल, कोणता व्हॉल्व्ह कधी बंद होईल, हे ती ठरवते. नीलाला ती कोणी शिकवली नाही. एका मांडीवर इंग्रजी मॅन्युअल, दुसऱ्या मांडीवर शब्दकोश, अशी तीन पावसाळे बसली. मिलवाले तिलाच विचारायचे, "इंजिनिअर कुठं आहे?" ती म्हणायची, "येऊन राहिला," आणि पॅनेल उघडायची. संध्याकाळी मशीन चालू झाल्यावर इंजिनिअर येऊन गेल्याचं त्यांच्या लक्षात यायचं.

दोन हजार नऊच्या दसऱ्याला ठेकेदार कायमचा रायपूरला गेला आणि पीएलसीत प्रोग्राम भरायचा लॅपटॉप सोबत घेऊन गेला. त्याच आठवड्यात आमगाव रोडवरच्या एका मिलचा सुपरवायझर उमेंद्र घरी आला. शेठने उसना म्हणजे उकडा तांदूळ करायचा प्लांट बसवला होता, पॅनेल जुनं विकत आणलेलं.

"सोमवारी बॉयलर पेटते," उमेंद्र म्हणाला. "सोमवारी हौदात धान भिजलं तर सालभराचं काम तुमचं. नाई तर शेठ नागपूरच्या पार्टीले बोलावून राहिले."

"भिजंल," नीला म्हणाली.

आता लॅपटॉप पाहिजे होता, आणि कसा पाहिजे ते तिला पक्कं माहीत होतं. मागच्या बाजूला नऊ पिनांचं सिरियल पोर्ट, कारण जुनी पीएलसी त्याच वाटेने बोलते. सॉफ्टवेअर सीडीवर, म्हणून सीडीचा खण. आणि कोंड्याची धूळ खाऊन जगणारी तब्येत. नव्या लॅपटॉपांतून ते पोर्ट कंपन्यांनी काढूनच टाकलं होतं. कन्व्हर्टरची वायर तिने मागे एकदा लावून पाहिली होती. पीएलसीने त्या वायरीला अनोळखी पाव्हण्यासारखं ओट्यावरच बसवून ठेवलं. शेवटी गोंदियाच्या बाजारात एका दुरुस्तीवाल्याकडे विटेएवढा जाड, जुना लॅपटॉप सापडला. शनिवारी न्यायला येते, असं ती सांगून आली.

गुरुवारी विहार समितीचे अध्यक्ष बकाराम मामा घरी आले. पाणी प्यायले, पंख्याकडे पाहिलं.

"शनिवारी काई घेऊ नको."

"काऊन?"

"घेऊ नको म्हटलं न. रविवारी समजंल तुले."

नीला काय ते समजली. "मामा, काई घेत असाल तर मले एकदा इचारा."

"ज्याचा सत्कार त्याले इचारत नाईत वो," मामा म्हणाले. मग पुन्हा पंख्याकडे पाहून म्हणाले, "सत्काराचं मी काई बोललो नाई."

आई शामकलाने स्वयंपाकघरातून सांगितलं, "गप राहाय. मोठी मानसं करून राहिली तं करू दे."

नीला गप राहिली. तिच्या आयुष्यात हे फार वेळा झालेलं नाही, आणि जेव्हा झालं तेव्हा नुकसानच झालं. शनिवारी दुरुस्तीवाल्याने तो जाड लॅपटॉप एका फोटो स्टुडिओला विकला.

रविवारी वर्षावासाचा समारोप होता. वंदना झाली, खीरदान झालं, मग स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या पोरीचा सत्कार. नीलाला मंचावर खुर्ची दिली. मामांनी मखमली कापड बाजूला केलं. लॅपटॉप पापडासारखा पातळ होता आणि पांढराशुभ्र. टाळ्या खूप वेळ वाजल्या. समितीच्या पाच जणांनी नागपूरला जाऊन तो निवडला होता. सगळ्यांत पातळ तोच सगळ्यांत चांगला, यावर पाचांचं एकमत झालं होतं. पाचांपैकी कोणाच्याही घरी कॉम्प्युटर नव्हता.

नीलाने तो हातात घेऊन चारही बाजूंनी पाहिला. नऊ पिना नव्हत्या. सीडीचा खणही नव्हता. दुकानात बदलून आणावा, असं तिच्या मनात आलं तोच तिने झाकण पाहिलं. विहारातल्या पंख्यांवर, पातेल्यांवर, सतरंजीवर दात्यांची नावं असतात, तशी यावरही पिवळ्या ऑइलपेंटने ओळ लिहिलेली होती: "कु. नीला हिरालाल शहारे हिस समितीतर्फे सप्रेम भेट." अक्षर सुंदर होतं. रंग वाळला होता.

भाषणं सुरू झाली. मंचाखाली टेबलाशी समितीचे सचिव, रिटायर मास्तर केवळराम गुरुजी, समितीच्या जुन्या लॅपटॉपमध्ये सीडी घालून भीमगीतं लावायला बसले होते. पडदा त्यांच्याकडे, लॅपटॉपची पाठ मंचाकडे. नीलाची नजर त्या पाठीवर गेली आणि तिथंच राहिली. धुळीखाली नऊ पिना होत्या. तिने दोनदा मोजल्या.

माईक तिच्या हातात आला.

"जय भीम. समाजाने माझा मान केला, मी विसरनार नाई. पन या लॅपटॉपनं उद्या मिल सुरू होत नाई." मग तिने का होत नाही ते सांगितलं, हळूहळू, जसं पॅनेलशी बोलतात तसं. मागून कोणीतरी म्हणालं, "एवढा भारी आनला, तरी नाव ठेवून राहिली."

"नाव ठेवत नाई. मले ते द्या," नीला म्हणाली आणि गुरुजींच्या टेबलाकडे बोट केलं. "अन् हे विहाराले घ्या. पोरं शिकतील याच्यावर."

गुरुजींनी लॅपटॉपवर हात ठेवला. "याच्यात वधू-वर मेळाव्याचे सहा वर्षांचे अर्ज आहेत. समितीची मालमत्ता आहे. ठरावाशिवाय टाचणीसुद्धा बाहेर जात नाही."

गुरुजी चुकीचं बोलले नव्हते; हा नियम त्यांनीच केला होता. बकाराम मामा उठले. चेहरा पडलेला होता, पण अध्यक्ष होते.

"आमसभा समोरच बसून आहे. ठराव मांडा."

सूचक शामकला, म्हणजे जिने मुलीला गप राहायला सांगितलं होतं तीच. अनुमोदक बायकांच्या बाजूने चौघी एकदम. हात वर झाले. विरोधात एक.

"माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा," गुरुजी म्हणाले.

"इतिवृत्त तुम्हीच लिहिता, गुरुजी," मामा म्हणाले.

"म्हणून तर सांगितलं."

त्यांनी पेन काढून स्वतःचा विरोध स्वतःच्या सुवाच्य अक्षरात नोंदवला. खाली एक अट घातली: अर्जांची नक्कल होईपर्यंत लॅपटॉप सचिवांच्या नजरेआड जाणार नाही. सभेने तीही मंजूर केली.

त्यामुळे सोमवारी सकाळी नीलाच्या स्कूटीवर मागे केवळराम गुरुजी बसले. लॅपटॉप त्यांच्या मांडीवर, इतिवृत्ताचं रजिस्टर काखेत. मिलच्या फाटकावर उमेंद्रने आधी गुरुजींकडे पाहिलं.

"हे इंजिनिअर का?"

"हे मालमत्तेसंगं आले," नीला म्हणाली.

लॅपटॉपची बॅटरी कधीच मेली होती, म्हणून एक्स्टेंशन ओढलं. झाकणावर लाल रंगात लिहिलं होतं, "स्मृतिशेष उदाराम गजभिये यांच्या स्मरणार्थ."

"हे उदाराम कोन?" उमेंद्रने विचारलं.

"बँकेत होते," गुरुजी म्हणाले. "हिशोबाचे पक्के."

रात्री घरीच तिने सीडीवरून सॉफ्टवेअर चढवलं होतं, गुरुजी समोर बसून असताना. आता केबल लावून पीएलसीत प्रोग्राम भरायला घेतला. पडद्यावर एक आडवी पट्टी आली, आठ टक्क्यांवर अडली. बॉयलरवाला येऊन उभा राहिला. शेठ ऑफिसच्या दारात आले, त्यांच्या हातात मोबाइल होता. नीलाने केबल काढली, नऊ पिनांवर फुंकर मारली, धूळ उडाली, पुन्हा लावली. पट्टी सरकली. शंभर झाली. वरचा व्हॉल्व्ह खाटकन उघडला आणि पहिल्या हौदात पाणी पडायला लागलं. धान बुडालं. मग शेठने मोबाइल खिशात ठेवला आणि उमेंद्रला म्हणाले, "बाई का नाम लिख लो, सालभर के लिए."

गुरुजींनी पोत्यावर बसून रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: "यंत्र चालले. मालमत्ता सुस्थितीत."

नीलाने वाकून वाचलं. "अन् तुमचा विरोध, गुरुजी?"

"तो कायम आहे," गुरुजी म्हणाले. त्यांनी रुमाल काढला आणि उदारामच्या नावावरचा कोंडा पुसला.