दोन मार्कांचा वापसा

देवळाली प्रवऱ्याच्या बेंजामिन सरांना शब्द गोळा करण्याचा नाद होता. नाद म्हणजे किती, तर कुणाच्या मयतीला गेले तरी कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला हळूच विचारायचे, छपराच्या त्या आडव्या लाकडाला तुमच्याकडे काय म्हणतात? अठरा वर्षांत त्यांनी राहुरीपासून काष्टीपर्यंतच्या रानातले, विहिरीवरचे, गुऱ्हाळातले चार हजार शब्द एकवीस वह्यांत उतरवले होते. पोटापाण्याला ते नगरच्या एका कॉलेजात मराठी शिकवत, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनला नव्याने अर्ज करून. पीएच.डी. झाली असती तर कायम होण्याची निदान आशा तरी धरता आली असती.

आता एकवीस वह्या असलेल्या माणसाला पीएच.डी.ला आणखी काय लागावं, असं तुम्हाआम्हाला वाटेल. लागते ती पेट, विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क, चारांतला एक गोल काळा करायचा. पन्नास मार्क पडले तर मुलाखतीचं बोलावणं. अंतिम यादीत या गोलांना सत्तर टक्के वजन आणि मुलाखतीला तीस. वह्या दाखवायच्या त्या तीस टक्क्यांत, आणि त्या खोलीत पाऊल टाकायचं तर आधी गोल. गोल काळे करण्यावरून संशोधन कसं ओळखतात, हे विचारायला अर्जात रकाना नव्हता.

सरांचे गोल काही जमेनात. चार पर्याय वाचले की त्यांना पाचवा सुचायचा. एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की श्रीगोंद्यात हा, शेवगावात तो, असं मनात सुरू व्हायचं आणि तेवढ्यात घंटा व्हायची. तीन वर्षांत तीनदा बसले आणि तिन्ही वेळा काठावर आपटले.

गंमत अशी, की दुसऱ्यांचे गोल मात्र ते झकास जमवून द्यायचे. रविवारी चर्च आटोपलं की ते एसटीने नागापूरला जात. तिथे एका वर्कशॉपच्या माडीवर त्यांचा पेटचा क्लास होता. खाली लेथ मशीन घरघरायचं आणि वर सर घसा ताणून आपला मंत्र सांगायचे, की खरं काय ते शोधू नका, पेपर काढणाऱ्याला काय खरं वाटतं ते शोधा. पोरं पास होत, त्यांचे फोटो भिंतीवर लागत. एखाद्या नव्या पोरीने विचारलं, की सर, तुमचा फोटो कुठाय, तर सर खडू शोधायला लागायचे.

चौथ्या वर्षी गोष्ट निकराची होती. बोलीभाषेवर काम करून घेणारे एकच गाईड उरले होते, त्यांच्याकडे एकच जागा होती, आणि यानंतर ते नवा विद्यार्थी घेणार नव्हते. त्या जागेवर सरांचा डोळा होता. सरांच्याच क्लासमधली काष्टीची दिशा नावाची हुशार मुलगीही त्याच परीक्षेला बसली होती.

सदतिसावा प्रश्न बघून सरांना हसूच फुटलं. 'वापसा' या शब्दाचा अर्थ काय? दुसरा पर्याय होता, जमिनीची पेरणीयोग्य ओल. आयुष्यात पहिल्यांदा पाचवा पर्याय न सुचता त्यांनी गोल काळा केला. घरी येऊन आईला, लिडियाबाईंना, सांगितलंसुद्धा, की या वेळी आपल्या रानातला प्रश्न आला होता.

निकाल लागला. अठ्ठेचाळीस. उत्तरतालिकेत सदतिसाव्याचं बरोबर उत्तर होतं पर्याय तीन, 'परत येणे'. पेपर काढणाऱ्याच्या डोक्यात हिंदीतलं 'वापस' असणार. लिडियाबाईंनी ते दोनदा समजावून घेतलं.

"परत येनं? वापसा झाला म्हंजी पेरायला घ्यायचं, येवढं तर शेंबड्या पोरालाबी कळतं. इद्यापीठात कुनालाच रान न्हाई का रं?"

सरांनी हरकत नोंदवली. सोबत वहीचं पान जोडलं, तर उत्तर आलं, की हस्तलिखित पुरावा ग्राह्य नाही. मग शेतीखात्याची छापील पुस्तिका जोडली. त्यावर उत्तर आलं, की संदर्भ अन्य विषयाचा आहे. तिसऱ्यांदा पाठवायला गेले तेव्हा मुदत संपली होती. दिशाला चौसष्ट मार्क पडले, मुलाखतही चांगली झाली आणि ती जागा तिला मिळाली. सरांनी स्वतःच्या हाताने तिचा फोटो भिंतीवर लावला. त्यांना आनंद झाला हे खरं, आणि फार वाईट वाटलं हेही तितकंच खरं.

वर्षभराने दिशा देवळालीला त्यांच्या घरी आली. तिचा विषय ठरला होता, नगरी बोलीतले शेतीचे शब्द. गाईडनी सांगितलं होतं, की गावोगावचे माहितगार गाठायचे, त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि प्रत्येकाचा तक्ता भरायचा. लिडियाबाईंनी चहा ठेवला. दिशाने मोबाईल पुढ्यात ठेवला आणि चाचरत विचारलं, की सर, वापसा म्हणजे काय, ते तुमच्या शब्दांत सांगाल का?

सरांनी आधी उलट विचारलं, की परीक्षेत तू कुठला गोल काळा केला होतास?

"तिसरा," दिशा म्हणाली. "आमच्या घरची शेती आहे, सर. मला अर्थ ठाऊक होता. पण तुम्हीच शिकवलं होतंत, पेपर काढणाऱ्याला काय खरं वाटतं ते बघायचं."

सर मोबाईलकडे वळले आणि त्यांनी नीट सांगितलं, की पावसानंतर चिखल जातो आणि माती अजून कोरडी पडलेली नसते, मूठभर घेऊन दाबली आणि सोडली की भुसभुशीत फुटते, तो वापसा. तो दोन-चार दिवस टिकतो. तेवढ्यात पेरलं तर पेरलं.

रेकॉर्डिंग थांबवून दिशाने तक्ता काढला. नाव आणि वय भरलं. शिक्षण आणि व्यवसायाच्या रकान्यांवर तिचं पेन अडलं. माहितगार शक्यतो अल्पशिक्षित आणि शेतीतला असावा, असं गाईडचं म्हणणं होतं. ती ते सांगता सांगता रडवेली झाली.

सरांनी पहिली वही काढून तिच्यापुढे सरकवली. "अगं, क्लासमध्ये काय शिकवलं मी? तुझ्या गाईडना काय खरं वाटेल, ते लिही."

दिशाने मान खाली घालून लिहिलं. शिक्षण सातवी. व्यवसाय शेती.