माझी गिटार, उत्तरं मात्र नवऱ्याला

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

माझ्या इलेक्ट्रिक गिटारला तारांचा आवाज टिपणारे नवे पिकअप बसवून सगळी वायरिंग बदलायला व्हाइटफील्डच्या एका दुकानात दिली होती. सकाळी मी आणि नवरा आणायला गेलो. अँपला जोडली तर नुसती घुरघुर! तारांना हात लावला की ती कमी व्हायला हवी, इथे वाढत होती.

"अर्थची वायर लागलेली नाही," मी म्हटलं.

दुकानदार माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाला, "सर, नवीन पार्ट आहेत, आवाज जाईल आपोआप. मॅडमना सांगा, स्वल्प, थोडी सवय होऊ दे."

सरांना गिटारमधलं ओ की ठो कळत नाही. ते फक्त गाडी चालवायला आले होते.

आणि मी? बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात नऊ वर्षं सर्किट बोर्डांचं सोल्डरिंग तपासतेय. माझ्या सहीशिवाय एक बोर्ड पुढे जात नाही.

घरी येऊन मागचं झाकण उघडलं. अर्थची वायर सोल्डरच्या गोळ्यावर नुसती टेकवलेली. बोट लावलं, निघाली. असलं काम माझ्या टेबलावर आलं असतं तर मी तिथूनच परत पाठवलं असतं. नीट तापवून पुन्हा जोडली. घुरघुर बंद.

संध्याकाळी दुकानदाराचा फोन आला, अर्थात नवऱ्याला. "सर, आवाज गेला ना? मी बोललो होतो!"

आणि आमचे हे, ज्यांनी तासभर माझ्यासाठी टॉर्च धरला होता, म्हणाले, "हो, गेला. थँक्यू हं."

बायांनो, आता सांगा, आधी कुणाला धरू?