सायकलवर दुखत नाही ना?

मळ्याकडे चालताना आमच्या आबांचे पाय भरून येत, मध्येच बांधावर बसावं लागे. सायकलवर दुधाची किटली लावून मात्र ते डेअरीला सहज जात. पारावरची माणसं हसत, "आबा, दुखणं सायकलला घाबरतंय व्हय?"

मी बी.ए. झालो त्या वर्षी त्यांना सांगलीच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर उंच, अबोल होते. त्यांनी आबांना व्हरांड्यात चालायला लावलं आणि स्वतःही शेजारून चालू लागले. थोड्या वेळानं आबा थांबले, खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकून पुढे वाकले. डॉक्टरही तसेच वाकून उभे राहिले.

"सायकलवर दुखत नाही ना?"

आबा दचकले. "तुमास्नी कुणी सांगितलं?"

"तुमच्या वाकण्यानं. मणक्यातली नसांची वाट अरुंद झालीय. पुढं वाकलं की ती जरा मोकळी होते."

"गावात समदी सोंग म्हणत्यात."

"सोंगाला इतकं बरोबर वाकता येत नाही, आबा."

आबांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. पुढे पाठीत औषध सोडून काढलेल्या फोटोत ती अडलेली जागा दिसली, ऑपरेशन झालं. बरे झाल्यावर आबा पारासमोरून मळ्यापर्यंत चालत गेले. सायकल मला हातात धरून मागून यायला सांगितलं होतं.