युद्धनौकेवर गेलेला आमचा माल

तापीमाईची शपथ घेऊन सांगतो, हा किस्सा अक्षरन्‌अक्षर खरा आहे. म्हणजे मी स्वतः जिथे हजर होतो तिथवर तरी खराच. आता सगळीकडे माणूस कुठे हजर असतो? मधल्या जागा भराव्या लागतात. आणि तसं पाहिलं तर एका जागी मी हजर असूनही… पण ते शेवटी सांगतो. आधी जलेबी घ्या, गरम आहे.

मी कापडाचा दलाल. बुऱ्हाणपूरच्या लूमवरून उतरलेलं कोरं कापड घ्यायचं आणि बाहेरच्या व्यापाऱ्यांना पाठवायचं, हा धंदा. पण आमच्या शनवारा मोहल्ल्यात कुणाला माझा धंदा विचारलात तर कापडाचं नाव निघणार नाही. 'सुधाकरभाऊ ना? थापाड्या?' असंच म्हणतील. यात अन्याय काही नाही. जैनाबादच्या काठावर मी पकडलेला मासा इतका मोठा होता की त्याचा फोटो काढला तर फोटोचंच वजन दोन किलो भरलं, असं मी एकदा सांगितलं होतं. लोक विसरत नाहीत.

एरवी बिघडत नव्हतं. पण आमच्या प्राचीचं लग्न निघालं आणि बिघडलं.

प्राची शाळेत गणित शिकवते. त्याच शाळेत हेमंत विज्ञान शिकवतो. दोघांचं आपापसात आधीच ठरलं होतं. आम्हाला फक्त कळवायचं होतं. हेमंत बहादरपूरच्या विठ्ठलआप्पांचा मुलगा. आप्पांच्या केळीबागा आहेत, आणि तत्त्वं बागांहून जास्त आहेत. ते आमच्याकडे आले, प्राचीला दोन प्रश्न विचारले, खूश झाले. मग माझ्याकडे वळले.

"पोरगी हिरा हाये," ते म्हणाले. "पन तुमचं काय करावं ते समजत नाही मले."

"माझं काय आप्पा?"

"मी आजवर खोटं बोललो नाही, आन खोटं बोलनारा दारात उभा केला नाही. आता इवाई म्हनून तुम्ही रोज माह्या ओट्यावर बसनार. साखरपुड्याले एक महिना हाये. महिनाभर एक थाप मारली नाही तर मी स्वतः गळ्यात पडीन. मारली, तर पोराले दुसरी पोरगी पाहीन."

हेमंत खाली पाहायला लागला. प्राची माझ्याकडे पाहायला लागली. तिच्या डोळ्यांत जे होतं त्याला गणितात काय म्हणतात मला ठाऊक नाही, पण उत्तर शून्य येणार असं तिला वाटत होतं.

आप्पा गेल्यावर आमच्या मंगलाने देव्हाऱ्यासमोर माझा हात धरून शपथ घ्यायला लावली. "एक शब्द खोटा बोललात," ती म्हणाली, "तर प्राची जन्मभर तोंड पाहणार नाही तुमचं. आणि मी पाहीन, पण जेवण देणार नाही."

तुम्ही कधी महिनाभर खरं बोलून पाहिलंय? माणूस वाळतो. पूरनभैयाच्या चहाच्या टपरीवर रोज सकाळी माझ्याभोवती चार माणसं जमायची, ती आठ दिवसांत उठून गेली. कुणी विचारलं, "भाऊ, काल काय केलं?" तर मी सांगायचो, "काल दुकानात बसलो. मग घरी गेलो." यावर कोण थांबणार?

नवव्या दिवशी पूरनभैया पेपर वाचत होता. पहिल्याच पानावर एका मोठ्या राखाडी जहाजाचा फोटो होता. आपल्याच देशात बांधलेली नवी युद्धनौका. एकाच साच्यातली अशी भावंडं एकामागून एक बांधायला घेतलेली. ही पाण्यात उतरली होती आणि आतली जोडणी चालू होती. यंत्रं, तोफा, तारा, कॅमेरे, काय काय बसवायचं होतं.

"ये देखो भाऊ," पूरनभैया म्हणाला. "ऊपर का विमान मारेगी, नीचे की पनडुब्बी मारेगी, सामने का जहाज भी मारेगी. सब काम एक ही जहाज करेगा."

"म्हणजे थोरली सून," मी म्हणालो.

खूप दिवसांनी कुणीतरी हसलं. बाकावरचे दोघे हसले. आणि तिथेच माझा तोल गेला. माणसाला एकदा हसवलं की दुसऱ्यांदा हसवावंसं वाटतंच. पण खोटं तर बोलायचं नव्हतं. मग मी खरं बोललो.

"या जहाजावर आपला माल गेलाय," मी म्हणालो.

आणि हे खरं होतं, बरं का. महिन्याभरापूर्वी मुंबईच्या एका व्यापाऱ्याचा मला फोन आला होता. जहाज बांधतात त्या गोदीत पुसायच्या चिंध्या लागतात. यंत्रांचं तेल पुसायला, ग्रीसचे हात पुसायला. गठ्ठ्यांनी लागतात. मी लूमवरची कात्रणं, फाटके तुकडे गोळा करून सहा गठ्ठे ट्रकवर चढवून दिले होते.

"आपला माल?" पूरनभैयाचा हात किटलीवरच थांबला. "कौनसा माल?"

आता बघा, मी तोंड उघडलं होतं. 'चिंध्या' म्हणालो असतो तर विषय संपला असता. पण इतक्या दिवसांनी माणसं जवळ सरकली होती हो. आणि दुसरं काही म्हणालो असतो तर ती थाप झाली असती. म्हणून मी बशीत चहा ओतला, प्यायलो, आणि म्हणालो, "ते मला सांगता येणार नाही."

यातही खोटं काही नाही. लाजेने सांगता येत नव्हतं.

पूरनभैयाने पेपर पुन्हा डोळ्यांजवळ धरला. खाली लिहिलं होतं की ही नौका शत्रूच्या रडारवर सहजासहजी दिसत नाही. त्याने हे वाक्य दोनदा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरच्या कापडाच्या पिशवीकडे पाहिलं.

"समझ गया," तो हळूच म्हणाला. "आप कुछ मत बोलो भाऊ."

मी कुठे काय बोललो होतो?

दुपारपर्यंत शनवाऱ्यात झालं की सुधाकरभाऊने असं कापड विणून घेतलंय, जे गुंडाळलं की जहाज दिसेनासं होतं. संध्याकाळपर्यंत बातमी नदी ओलांडून जैनाबादला गेली, आणि पाण्यातून जाताना फुगली. तिकडे मी स्वतः जहाजाला कापड गुंडाळून आलो होतो. दुसऱ्या दिवशी एक किराणावाला दुकानात आला आणि दार ओढून घेत म्हणाला, "भाऊ, नगरपालिकेची गाडी येते. ओट्यापुढे चार फूट पत्रा वाढवलाय माझा. तेवढ्यापुरतं द्या ना."

मी म्हणालो, "अरे बाबा, तसं कापड माझ्याकडे नाही."

तो डोळा मारून म्हणाला, "हां हां. तुम्हाला असंच बोलावं लागत असेल."

मी खरं बोलत होतो आणि कुणी ऐकत नव्हतं. आयुष्यभर उलटं चालत आलं होतं.

चौथ्या दिवशी आप्पांची फटफटी दारात थांबली. मंगला स्वयंपाकघरातून माझ्याकडे असं पाहत होती की वरण आपोआप उकळावं.

आप्पा बसले नाहीत. "सुधाकरराव, सरळ इचारतो, सरळ सांगा. तुमचा माल त्या लढाईच्या जहाजासाठी गेला का नाही?"

"गेला."

"त्याहीनं मागवला, का तुम्ही गळ्यात मारला?"

"त्यांनी मागवला."

"त्याच्याबिगर त्याहीचं काम अडते?"

मी विचार केला. तेलकट हातांनी काम अडतंच. "अडतं," मी म्हणालो.

आप्पांचा चेहरा उजळला. इतका उजळला की 'चिंध्या' हा शब्द माझ्या घशात होता तो परत पोटात गेला. ते जवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "मंग मले वीस मीटर द्या. रानडुकरं केळी पाडून राहिले. एका बाजूनं गुंडाळून टाकतो बाग."

"पण आप्पा, डुकरांजवळ रडार नसतं."

"मंग तर काम सोपंच झालं."

यावर तुम्ही काय बोलला असता? मी ताग्यातलं कोरं कापड वीस मीटर फाडून दिलं. 'हे साधं कापड आहे आप्पा' असंही म्हणालो. त्यांनी किराणावाल्यासारखाच डोळा मारला.

मला वाटलं, डुकरं येतील, केळी पाडतील, आप्पा वैतागतील आणि हे प्रकरण आपोआप मिटेल. पण नशीब बघा. कोऱ्या कापडाला खळ असते, तिचा वास नवा, वाऱ्याने कापड फडफडतं. सलग तीन दिवस डुकरं फिरकली नाहीत. आप्पांनी बहादरपूरच्या पारावर जाहीर केलं, "माहा इवाई साधा मानूस नाही." साखरपुड्याला अजून बारा दिवस होते आणि त्यांनी मला व्याही करूनसुद्धा टाकलं.

मंगलाने विचारलं, "तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"फक्त खरं."

"त्याचीच मला भीती वाटते," ती म्हणाली.

साखरपुडा आप्पांच्या अंगणात झाला. दराब्याच्या मिठाईचं ताट आलं, नारळ आला, गुरुजी आले. आणि नौदलात वीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले आप्पांचे मेहुणे, दत्तूमामा, हेही आले. ते असल्याच जुन्या युद्धनौकांवर इंजिनाच्या खोलीत होते. हे मला त्या सकाळपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. हल्ली लोक मोकळेपणाने बोलत नाहीत.

आप्पांनी बागेतून कापडाचा एक तुकडा आणवला आणि दत्तूमामांच्या हातात ठेवला. "वळखा," म्हणाले. "जहाज न दिसनारं कापड. आमच्या इवायाचं."

दत्तूमामांनी तुकडा बोटांत चोळला. नाकाशी नेला. "दाजी," ते म्हणाले, "जहाज दिसत नाही ते त्याच्या आकारामुळे. भिंती तिरप्या असतात, उघड्यावर काही ठेवत नाहीत, म्हणून रडारची लाट सरळ परत जात नाही. त्यात कापडाचा काय संबंध?" मग माझ्याकडे वळले. "सुधाकरराव, तुम्ही नक्की पाठवलंत काय?"

प्राचीच्या हातात अंगठीची डबी होती. ती पुन्हा तसंच पाहत होती.

खरं सांगतो, जिभेवर चांगल्या पाच-सहा थापा तयार होत्या. एक तर फारच सुंदर होती, त्यात दोरखंडही होता. पण पोरीकडे पाहिलं आणि गिळल्या.

"चिंध्या," मी म्हणालो. "तेल पुसायच्या. सहा गठ्ठे."

कुणी हसलं नाही. गुरुजींनी हळूच नारळ खाली ठेवला.

आप्पा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "म्हंजे माल धाडला, हे खरं?"

"खरं."

"त्याहीनं मागवला, हे खरं? काम अडते, हेबी खरं?"

"लय अडतं," दत्तूमामा मध्येच म्हणाले. "खिशात फडकं नसेल तर इंजिनपाशी उभं नाही राहता येत. आम्ही तर पाव लपवावा तसं लपवायचो."

"आन तुम्ही महिनाभर एक शब्द खोटा बोलले नाही?"

"नाही आप्पा."

"आन तरी तीन गावं फसली." आप्पांनी मान हलवली. "खोटं बोलून फसवनारे मी पाहेल हायेत. खरं बोलून फसवनारा हा पहिलाच. ह्याले नजरेसमोरच ठेवायला पाहिजे." आणि शर्त म्हणजे शर्त, ते माझ्या गळ्यात पडले. मग मागे सरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चिंध्या तर चिंध्या. पन देशाच्या जहाजावर गेल्या ना?"

"गेल्या," मी म्हणालो.

अंगठी घातली गेली. लग्न झालं. पोर सुखात आहे.

आता ते शेवटी सांगायचं राहिलेलं. यातलं खोटं कुठलं विचाराल तर डुकरं खरी, दत्तूमामा खरे, किराणावालाही खरा. त्याचा पत्रा पुढे नगरपालिकेने नेला. खोटा आहे तो एकच शब्द: 'गेल्या.'

साखरपुड्याच्या चार दिवस आधी सहाच्या सहा गठ्ठे गोदीच्या दारातून परत आले होते. सोबत चिठ्ठी: 'सुती नाही, पॉलिस्टर आहे. तेल शोषत नाही.' आता ते आमच्या माळ्यावर पडलेत. टीव्हीवर कधी ती युद्धनौका दिसली की आप्पा आमच्या सोफ्यावर ताठ बसतात आणि म्हणतात, "आपल्या चिंध्यांनी चमकून राहिली." मंगला त्याच गठ्ठ्यांतला एक तुकडा घेते आणि त्यांच्यासमोर टीव्ही पुसते. धूळ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाते, आणि मी खिडकीबाहेर पाहतो.