पाल आणि मेंढी

१९७४, डिसेंबरातला एक रविवार. रक्कम दहा रुपये. हजर: निवृत्त चित्रकला शिक्षक, ज्यांना आम्ही गुरुजी म्हणत असू, हायस्कुलातले दोन शिक्षक, पोस्टातले एक कारकून, मूळचे सांगलीचे एक टेलर आणि मी. बसलो होतो साताऱ्यात, गुरुजींच्या खाटेभोवती.

गुरुजींची फुप्फुसं निकामी होत चालली होती आणि ते त्यांना ठाऊक होतं. वाईहून कोणी आणून दिलेलं एका आधुनिक जपानी हायकूकाराचं चरित्र त्यांच्या उशाशी असे. तोही छातीच्या दुखण्याने वर्षानुवर्षं अंथरुणावर होता. मित्र त्याच्यापाशी जमत, नाव न घालता एकेक हायकू देत. एक जण सगळे आपल्या अक्षरात उतरून काढी. निवड आधी होई, नाव मागून कळे. ज्या दिवशी त्याच्या हायकूला कोणी विचारत नसे, त्या दिवशी तो निर्धास्त झोपे. मित्र अजून खरं बोलतात म्हणून.

"आजारी पडल्यापासून माझी एकही ओळ वाईट झालेली नाही," गुरुजी म्हणाले. "तुम्ही होऊच देत नाही. जाण्याआधी खरं काय ते मला कळू द्या."

म्हणून आम्ही तसंच करायचं ठरवलं. पाच जणांनी एकेक हायकू आणि दोन-दोन रुपये दिले. मी कवी नव्हे. उतरून काढणं आणि पैसे सांभाळणं माझ्याकडे. कोणता कोणाचा हे मला माहीत, म्हणून मला मत नव्हतं. प्रत्येकाला एक मत, आपल्याच हायकूला द्यायचं नाही, ज्याला जास्त मतं त्याला सगळे पैसे, एवढा नियम.

चार मतं एकाला पडली:

उताणा पडून
वासे मोजतो
पाल हलली

"अभिनंदन, गुरुजी!" एक शिक्षक म्हणाले. "आम्ही ओळखलंच होतं."

"माझा नाही तो," गुरुजी म्हणाले.

मग टेलर खाली बघत म्हणाले, "माजा हाय, गुरुजी. गेल्या साली पाय मोडून पडलो हुतो, तवाचा."

गुरुजींना हसू आलं, त्यातून खोकला. दम परतल्यावर त्यांनी विचारलं, "उरलेलं एक मत?"

मी वाचून दाखवलं:

लोणंदचा बाजार
मेंढीच्या पाठीवर
ओला लाल ठिपका

"ते मी दिलं," टेलर म्हणाले. "लय आवडला. रंग बोटाला लागल्यागत झालं. कुणाचा हाय?"

मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. पालीचा हायकू आपला आहे हे टेलरांना ठाऊक होतं. मेंढीचा कोणाचा हे मात्र त्यांना माहीत नव्हतं; त्यांचं मत निव्वळ आवडीचं होतं.

"माझा," गुरुजी म्हणाले. "एक मिळालं. पुष्कळ झालं."

टेलर पैसे घेईनात. "आवं, दयेची मतं ती. तुमचा समजून दिल्यात."

"तिघांची असतील. चौथं माझं आहे. इतके महिने इथे पडून मी वासेच बघतोय, पाल तुम्हाला दिसली. घ्या."

दहा रुपये मी टेलरांच्या हातात दिले.